नळ आले, ऐकू यायलंय का?

हेडफोनची परीक्षणं लिहिणारी माणसं राहतात कुठं, हे मला एकदा बघायचं आहे. त्यांच्या घरी कुकर नसावा. दारावर भंगारवाला येत नसावा. शेजारी रात्री अकरा वाजता बोअर पाडत नसावा. आरामखुर्चीत बसून, डोळे मिटून ते हेडफोन कानावर चढवतात आणि डावीकडच्या व्हायोलिनवाल्याच्या मागं कोण खोकलं ते आपल्याला सांगतात. असा एखादा परीक्षक छत्रपती संभाजीनगरला आणावा, सिडकोत तिसऱ्या मजल्यावर ठेवावा आणि तो राहतो त्या गल्लीत नळ यायचा दिवस असावा. मग त्याच्या लक्षात येईल की हेडफोनमधून काय ऐकू येतं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, हेडफोन घातल्यावर काय ऐकू येत नाही.

आता ज्यांना या विषयात गती नाही त्यांच्यासाठी थोडं शास्त्र. हेडफोनच्या वाटीत एक पातळ पडदा असतो, तो पुढं-मागं हलतो. पुढं जो आवाज होतो तो कानात जातो. पण पडदा मागंही हलतो, त्यामुळं पाठीमागं तेवढाच आवाज तयार होतो. त्याचं करायचं काय? एक उपाय म्हणजे पाठीला जाळी लावून त्याला जाऊ द्यायचं. सेनहायझर या जर्मन कंपनीनं १९६८ मध्ये एचडी ४१४ नावाचा असा उघड्या पाठीचा हेडफोन काढला आणि तो तुफान खपला. अशा हेडफोनमध्ये गाणं मोकळं, ऐसपैस वाटतं. फक्त ते शेजारी बसलेल्यालाही ऐकू जातं आणि शेजारच्याचा खोकलाही आपल्या रागात येऊन मिसळतो. आपल्याकडं ‘काय ऐकताय?’ हा प्रश्न हेडफोन दिसला की येतोच, उघड्या पाठीच्या हेडफोननं त्याचं उत्तर परस्पर मिळतं आणि पुढची चर्चा सुरू होते. म्हणून बसमध्ये, रेल्वेत, एकत्र कुटुंबात तो बाद.

राहिला बंद पाठीचा, क्लोज्ड-बॅक. यात मागचा आवाज वाटीतच कोंडला जातो. आणि कोंडलेला आवाज काय करतो हे बघायला आपल्याला जर्मनीला जायची गरज नाही, वेरूळला गेलं तरी पुरे. दहा नंबरच्या लेण्यात, ज्याला विश्वकर्मा किंवा सुताराची झोपडी म्हणतात, वरच्या कमानीला दगडाचेच वासे कोरले आहेत. तिथं गाइड एक सूर लावतो आणि गप्प बसतो. तो गप्प बसला तरी सूर गप्प बसत नाही, छताला जाऊन, परत येऊन बराच वेळ रेंगाळतो. पर्यटक माना वर करून बघत राहतात. बंद वाटीतही तेच होतं. पडद्याच्या मागचा आवाज वाटीच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या सुरात थोडा उशिरा घुसतो. चांगले कारागीर वाटीत कापूस, फोम, नमदा भरतात, बारीक भोकं ठेवतात, भिंतींचा आकार बदलतात. क्लोज्ड-बॅक हेडफोनची निम्मी किंमत या न दिसणाऱ्या कापसाची असते. तीनशे रुपयांच्या हेडफोनमध्ये कापसाची पंचाईत असते, त्यामुळं त्यात लता असो, किशोर असो, अजय-अतुल असोत, प्रत्येकजण वेरूळला जाऊन गायलेला असतो.

हे सगळं वाचून मी पैठणगेटला गेलो. तिथल्या मोबाइलच्या गल्ल्यांमध्ये हेडफोन तोरणासारखे टांगलेले असतात. दुकानदाराला मी विचारलं, “वाटीच्या आत काय भरलंय?”

“साहेब, सहा महिन्यांची गॅरंटी भरलीय.”

“तसं नाही. आतून डॅम्पिंग आहे का?”

“सब है साहेब. बेस बघा तुम्ही, बेस.”

बेस हा आपल्या बाजारात हेडफोनचा एकमेव गुण आहे. दुकानदारानं स्वतःच्या फोनवर एक गाणं लावलं, त्यात गाणारा कोण ते कळलं नाही पण माझ्या दाढा हलल्या. “ये फर्स्ट कॉपी है, ओरिजिनल से भी कडक,” तो म्हणाला. त्या पेटीवर एका जगप्रसिद्ध जपानी कंपनीचं नाव होतं, त्यात एक अक्षर जास्त होतं. बहुधा तोच बेस.

मी माझं परीक्षेचं गाणं काढलं. सिराज औरंगाबादी हे अठराव्या शतकातले शायर, इथलेच. त्यांची एक गझल आबिदा परवीन यांनी गायली आहे. खालचा भरदार आवाज आणि मधे मधे शांतता, दोन्ही त्यात आहे, त्यामुळं हेडफोनचं पितळ लगेच उघडं पडतं. मी ती लावली तोच गल्ल्यामागं बसलेले दुकानदाराचे वडील उठले. त्यांनी कुणाचं गाणं ते विचारलं, मी सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हेडफोन काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि डोळे मिटले. गझल लांब आहे. गिऱ्हाइकं येत होती, चार्जरची केबल मागत होती, टेम्पर्ड ग्लास बसवून घेत होती, मी उभा. शेवटी त्यांनी डोळे उघडले, हेडफोन काढून मुलासमोर ठेवला आणि म्हणाले, “कलाम लाजवाब. हेडफोन बेकार है.” आजवर वाचलेल्या हेडफोनच्या परीक्षणांत मला इतकं नेमकं एकही आठवत नाही. मुलाचा चेहरा मात्र पडला.

पुढं मूळ मुद्दा. बंद पाठीचा हेडफोन बाहेरचा आवाज अडवतो, पण सगळा सारखा अडवत नाही. उंच पट्टीचे आवाज तो छान अडवतो. साधारण हजार हर्ट्झच्या वरचे आवाज चांगल्या वाटीला वीस-तीस डेसिबल तरी कमी करता येतात. खालच्या पट्टीचे, दोनशे हर्ट्झच्या आतले आवाज मात्र प्लास्टिक आणि गादीला फारसे जुमानत नाहीत, ते सरळ आत येतात. आता बाहेरच्या जगात उंच पट्टीत काय काय असतं? कुकरची शिट्टी. दाराची बेल. फोनची रिंग. बायकोच्या, आईच्या बोलण्यातली सगळी व्यंजनं, म्हणजे ज्यांच्यामुळं ‘गॅस बंद करा’ आणि ‘गप्प बसा जरा’ यांतला फरक कळतो ती. आणि खालच्या पट्टीत? ट्रक, डिझेल रिक्षा, जनरेटर, शेजाऱ्याचं घोरणं. थोडक्यात, हे यंत्र तुमच्यापासून घरची माणसं दूर करतं आणि ट्रक जवळ आणतं.

आमच्या शहरात याचा पहिला फटका पाण्याला बसतो. जायकवाडी धरण भरलेलं असो वा नसो, नळाला पाणी येणार पाच, सात, कधी त्याहून जास्त दिवसांनी आणि वेळ लाइनमनला ठाऊक. पाणी यायच्या आधी नळातून हवा फुसफुसते. त्या फुसफुशीवर ज्याचं लक्ष, त्याची टाकी भरली. ही फुसफूस उंच पट्टीतली, म्हणजे क्लोज्ड-बॅकवाल्याला ती ऐकू येणार नाही. त्याला ऐकू येणार शेजाऱ्याची मोटार. नळाला थेट मोटार लावायला बंदी आहे, त्यामुळं ती घरोघरी आहे. विजेच्या मोटारीची घुमघुम शंभर हर्ट्झच्या घरातली, ती वाटीतून बिनबोभाट आत येते. म्हणजे पाणी आल्याची बातमी तुम्हाला कळते, पण ते शेजाऱ्याच्या टाकीत पडायला लागल्यावर. मी आतल्या खोलीत कुमार गंधर्व ऐकत असलो की आमच्या घरी हाक अशी येते: पहिल्यांदा “अहो, नळ आले!”, ती मला कळत नाही. मग “अहो, नळ आलेत, ऐकू यायलंय का?”, तीही नाही. तिसऱ्यांदा बादली येते. बादली जमिनीवर ठेवल्याचा आवाज खालच्या पट्टीतला असतो.

घरच्यांना यात अपमान वाटतो आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. आपल्या घरात दार लोटून घेतलेलंही खपत नाही, कान लोटून घेतलेले कसे खपावेत? सोनी कंपनीच्या अकिओ मोरिता यांनाही हा अनुभव आला होता. वॉकमनचा पहिला नमुना घेऊन ते घरी गेले, गाणी लावून बघायला लागले, तर बायको नाराज. नवऱ्यानं आपल्याला वगळलं असं तिला वाटलं. जुलै १९७९ मध्ये पहिला वॉकमन बाजारात आला तेव्हा त्याला दोन हेडफोन लावायच्या दोन जागा होत्या, म्हणजे दोघांनी मिळून ऐकावं, आणि वर एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि छोट्या मायक्रोफोनमधून समोरच्याचं बोलणं कानात यायचं. टोकियोत नळाला रोज पाणी येत असणार, तरी त्यांना हे बटण सुचलं. पुढं कंपन्यांनी बटण काढून टाकलं आणि चाळीस वर्षांनी तीच सोय ट्रान्स्परन्सी मोड या नावानं महागात परत विकायला काढली.

महागाचा विषय निघालाच आहे तर नॉइज कॅन्सलिंगचं बघू. ही कल्पना हेडफोनमध्ये रुजवण्यात मोठा वाटा अमर बोस यांचा, बंगाली वडिलांचा अमेरिकेत जन्मलेला मुलगा. १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानात मिळालेल्या हेडफोनमध्ये इंजिनाच्या घरघरीपुढं संगीत ऐकू येईना, म्हणून त्यांनी तिथंच बसून आकडेमोड सुरू केली म्हणतात. बाहेरचा आवाज मायक्रोफोननं ऐकायचा, त्याची बरोबर उलटी लाट तयार करायची, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. यातली मेख अशी की हे गणित सावकाश हलणाऱ्या, सलग, खालच्या पट्टीच्या आवाजाला लागू पडतं. इंजिन, पंखा, एसी, मोटार. माणसाचं तोडून तोडून येणारं बोलणं त्याला तितकंसं पकडता येत नाही.

म्हणजे बघा. साधा क्लोज्ड-बॅक घेतला तर नातेवाईक गप्प होतात आणि ट्रक बोलत राहतो. नॉइज कॅन्सलिंग चालू केलं तर ट्रक गप्प होतो आणि नातेवाईक, मागची घरघर गेल्यामुळं, पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू येतात. ‘मग, मुलाचं काय ठरवलंत?’ हा प्रश्न आयुष्यात इतक्या शुद्ध स्वरूपात मी कधी ऐकला नव्हता. ध्वनिशास्त्रानं माणसापुढं ठेवलेला हा पर्याय आहे, तेव्हा हेडफोन घ्यायला जाताना आपल्याला जास्त छळतं कोण हे आधी घरी बसून ठरवावं. देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबईला जाणाऱ्यानं नॉइज कॅन्सलिंगचे पैसे द्यावेत, घोरणं त्यात बऱ्यापैकी बसतं. लग्नसराईत पंगतीत बसणाऱ्यानं साधा घ्यावा.

मॉडेलांचं म्हणाल तर अभ्यासू लोक चार-पाच नावांभोवती फिरतात. सेनहायझरचा एचडी २८० प्रो बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत अडवतो असं कंपनी सांगते, आणि तो कसा अडवतो हे घातल्यावर कळतं. तो डोकं धरतो. ज्यांना आमच्या बाजूच्या मल्लांची पकड माहीत आहे त्यांना नवल वाटणार नाही. सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१ पासून जगभरच्या स्टुडिओंत चालू आहे, आवाजाचं पोस्टमार्टेम करण्यात वस्ताद, फक्त त्याची पिळाची वायर ताणली तर तीन मीटरपर्यंत जाते. स्टुडिओत ठीक. सिटीबसमध्ये तुम्ही उतरता आणि वायर अजून चढत असते. ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स तरुणांत फार लाडका, २८५ ग्रॅम वजनाचा, म्हणजे पाव किलोच्या वर. भाजी घेताना आपण इतक्यासाठी घासाघीस करतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० वेगवेगळ्या ओहममध्ये मिळतो, त्यातला २५० ओहमचा फोनला लावला तर आत कोणीतरी गात असल्याचा संशय येतो, खात्री होत नाही. त्याला वेगळा अँप्लिफायर लागतो. म्हणजे खिशात फोन, फोनला डॅक नावाची डबी, डॅकला अँप, अँपला चार्जर आणि याला पोर्टेबल म्हणायचं. त्यातून हल्लीच्या बऱ्याच फोनना हेडफोन लावायचं भोकच नसतं. ते भोक बंद केल्याबद्दल आपण जास्त पैसे मोजतो आणि ते परत मिळावं म्हणून एक इंचाची डोंगल वेगळी विकत घेतो, जी सोफ्यात हरवते.

या सगळ्यांत मला मनापासून पटलेला एकच, सेनहायझरचा एचडी २५. १९८८ पासूनचा, वजन सुमारे १४० ग्रॅम, दिसायला अगदी भुक्कड. त्याची एक वाटी कानावरून बाजूला फिरवता येते. हे कॅमेरामन आणि डीजे यांच्यासाठी केलेलं. (डीजे म्हणजे ते एका कानात पुढचं गाणं जुळवून बघणारे. आमच्याकडं मिरवणुकीत जो डीजे असतो त्याला हेडफोनची गरज नसते, त्याचं गाणं बीड बायपासवरूनही जुळवता येतं.) जर्मन कारागिरांना नळाची कल्पना नसेल, पण एका कानात भीमपलास आणि दुसरा कान स्वयंपाकघराकडं, असं जगायची सोय त्यांनी करून ठेवली आहे.

परीक्षणांत आणखी एक गोष्ट नसते, ती म्हणजे मे महिना. पारा बेचाळीसवर असताना रेक्झिनच्या दोन गाद्या कानांवर दाबून बसणं हा उपचार एखाद्या वैद्यानं सुचवला असता तर लोकांनी त्याला पळवून लावलं असतं. कान घामानं भरतो, गादी भिजते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत रेक्झिनचे काळे पापुद्रे सुटायला लागतात. हे पापुद्रे गालाला, कानाला, शर्टाच्या कॉलरला चिकटतात आणि ऑफिसात लोक हळूच विचारतात, “डॉक्टरला दाखवलं का?” कापडी गाद्या लावाव्यात तर त्या थंड, पण त्यांतून हवा जाते आणि हवेबरोबर बेसही जातो. बंद पाठीच्या हेडफोनचा सगळा खालचा सूर कानाभोवतीच्या घट्ट सीलवर उभा असतो. चष्म्याच्या काडीनं त्या सीलला फट पडली तरी तबल्याचा बायाँ वाळतो. म्हणजे पन्नाशीतल्या रसिकापुढं दोन वाटा: चष्मा काढून गाणं ऐकायचं, नाहीतर चष्मा लावून कोणतं गाणं आहे ते वाचायचं. स्त्रियांच्या कानांतल्या कुड्यांवर गादी दाबली की काय होतं हे मला घरातूनच कडक शब्दांत कळलेलं आहे. आणि खोबरेल तेल लावलेल्या डोक्यावरून हेडबँड ज्या सहजतेनं मागं घसरतो, ती बघून ही वस्तू थंड देशांत जन्मली याबद्दल शंका उरत नाही.

पण खरं सांगायचं तर या शहरात हेडफोनची सगळ्यात मोठी प्रयोगशाळा घरी नाहीच. ती म्हणजे वाळूजला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसेस. सकाळच्या पाळीला सिडकोतून निघायचं, जालना रोडचे पूल, क्रांती चौक, नगर नाका, गोलवाडी, मग छोटं पंढरपूर. बसमधली निम्मी माणसं कान झाकून असतात. मी तिथं शास्त्रीय संगीत ऐकायचा प्रयत्न बरेच दिवस करतो आहे आणि मला एक शोध लागला आहे. पुरुष गायकांची नेहमीची पट्टी काळी एक. तिचा खर्ज सेकंदाला साधारण ६९ कंपनांचा. आणि चार सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला सुमारे २०८० फेरे घ्यायला लागलं की त्यात सेकंदाला बरोबर तेवढेच स्फोट होतात. म्हणजे नगर नाक्याच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला आणि ड्रायव्हरनं विशिष्ट दाब दिला की बस काळी एकला लागते. बंद वाटी खर्ज अडवत नाही, हे वर आलंच आहे. त्या क्षणी तानपुरा कोणता आणि गाडी कोणती हे सांगणं अवघड. गोलवाडीला ट्रक आडवा आला, ड्रायव्हरनं गिअर बदलला की पट्टी बदलते आणि बिचारे बुवा एकदम बेसूर होतात. यात बुवांचा दोष नाही, ड्रायव्हरचाही नाही.

माझ्या शेजारच्या सीटवर पेंट शॉपमधले एक गृहस्थ असतात. मोठा, काळा, चांगला गादीवाला क्लोज्ड-बॅक, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान. इंजिनाची पट्टी बदलो, हॉर्न वाजो, त्यांचं समाधान हलत नाही. हा माणूस कोणता हेडफोन वापरतो हे विचारलंच पाहिजे असं मी ठरवलं. एका सकाळी त्यांनी रुमाल काढला तेव्हा खिशातून वायरचं दुसरं टोकही बाहेर आलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मागच्या सीटकडं हळूच मान हलवली. तिथं आमचे विमावाले काका बसले होते, मांडीवर फाइल, आणि पुढच्या दोघांना एंडोमेंट पॉलिसी समजावून सांगत होते.

“मॉडेल कोणतं म्हणायचं हे?” मी खालच्या आवाजात विचारलं.

“कोणतं का असंना भाऊ,” ते ओठ न हलवता म्हणाले. “फक्त ते बारीक बोंडवाले कानात घालायचे घेऊ नका. केसांत झाकून जातात, लोकांना दिसत नाहीत.”

मी लगेच हेडफोन चढवला. मागून काकांनी खांद्यावर हात ठेवलाच, पण माझ्या नाही, खिडकीजवळच्या, इयरबड्सवाल्या पोराच्या.